चिंच, चिंत, इमली : अफझलगंजच्या झाडाचं नाव आलं कुठून?

उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातल्या चिंचेच्या झाडाबद्दल आपल्या मंडळात आजवर पुष्कळ बोलणं झालं आहे, पण ते नेहमी १९०८ च्या पुरापाशी सुरू होतं आणि पुरापाशीच संपतं. गेल्या काही बैठकींत मात्र वेगळाच वाद निघाला. झाडापाशी एखादी माहितीची पाटी लावायची झाली तर तिच्यावर झाडाचं नाव कोणत्या भाषांत आणि कोणत्या क्रमाने लिहायचं? एकाचं म्हणणं, "मूळ शब्द संस्कृत चिंचा, म्हणून मराठी नाव आधी, तेलुगू चिंत हा त्याचा अपभ्रंश." लगेच दुसऱ्याचं उत्तर, "हा मुलूख तेलुगू, झाड तेलुगू, शब्दही तेलुगूच. तुम्ही तो उचललात." तिसऱ्या गृहस्थांनी इमली हेच शहराचं नाव, बाकी सगळं घरगुती, असं सांगून चहा मागवला.

पाटीचं काय व्हायचं ते होवो. पण हा प्रश्न तपासता येण्यासारखा आहे, आणि तो तपासताना दख्खनच्या नकाशावर बरंच काही सापडतं. मी पेशाने स्थापत्य अभियंता. आयुष्यभर पाण्याच्या लाइनी टाकल्या. भाषाशास्त्र पन्नाशीजवळ आल्यावर, स्वतःच पुस्तकं आणून वाचलं. त्यामुळे पुढचं सगळं एखादं ड्रॉइंग तपासावं तसं, पायरीपायरीने मांडतो.

आधी झाडाबद्दल थोडक्यात, कारण हे पान उघडणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असेलच असं नाही. अफझलगंज हे नाव पाचवे निजाम अफझल-उद-दौला (कारकीर्द १८५७ ते १८६९) यांच्यावरून पडलं. गंज म्हणजे धान्याची पेठ. मुसीच्या उत्तर काठाला ही पेठ वसली आणि तिथेच नदीकडेला जुनं अफझलगंज रुग्णालय होतं. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी चढली. वरच्या खोऱ्यातले लहान लहान तलाव एकामागून एक फुटत गेले आणि त्यांचं पाणी नदीच्या पाण्यात मिळालं. अफझल पूल, मुसल्लम जंग पूल आणि चादरघाट पूल वाहून गेले. टिकला तो कुतुबशाही काळातला पुराना पूल. मृतांचा आकडा साधारण १५,००० सांगितला जातो. रुग्णालयाच्या बागेतल्या चिंचेवर चढून बसलेले सुमारे १५० लोक वाचले. उर्दू शायर अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी या पुरात गेली. तो घाव त्यांच्या कवितेत उतरला आहे. दुसऱ्याच वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेले हे इंजिनिअर मराठी मुलखाला चांगलेच परिचित होते. त्यांच्या योजनेतून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन जलाशय झाले. जुन्या रुग्णालयाच्या जागी सातव्या निजामांच्या काळात, व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यावर, आजची घुमटांची इमारत उभी राहिली. झाड मात्र आधीचंच. दरवर्षी २८ सप्टेंबरला लोक त्याच्याखाली जमतात.

त्या दिवशी झाडावर चढलेल्यांनी खाली उतरल्यावर आपल्या माणसांना काय सांगितलं असेल? निजामच्या राज्यात तेलुगू, मराठी, कानडी आणि उर्दू या चारही भाषा नांदत होत्या. कोणी "चिंतचेट्टु" म्हणालं असेल, कोणी "इमली का झाड", कोणी "चिंच", कोणी "हुणसे मर". एकाच फांदीवरून चार नावं. ही चार नावं तीन वेगवेगळ्या मुळांतून येतात, आणि त्यातली कोणती दोन एका मुळाची आहेत हे पाहिलं की बैठकीतल्या भांडणाचा निकाल लागतो.

अमरकोशातल्या वनौषधिवर्गात चिंचेची तीन नावं एकाच ठिकाणी दिली आहेत : तिंतिडी, चिंचा आणि अम्लिका. कोशकाराच्या दृष्टीने हे तिन्ही समानार्थी शब्द. पण आता भारताचा नकाशा समोर धरा आणि या शब्दांचे वंशज कुठे राहतात ते बघा. पूर्वेला बंगालीत तेंतुल, उडियात तेंतुळी, असमियात तेतेली, मैथिलीत तेतरि. हे सगळं तिंतिडीचं घराणं. उत्तरेला आणि पश्चिमेला हिंदी-उर्दू इमली, गुजराती आमली किंवा आंबली, हे अम्लिकेचं. आणि मधे दख्खनमध्ये मराठी चिंच. कोशात एका ओळीत बसलेली नावं जमिनीवर तीन प्रांत वाटून घेऊन बसली आहेत. पाणलोटाच्या नकाशावर दुभाजक रेषा असतात ना, तसंच हे दिसतं.

अम्लिकेचं कोडं सोपं आहे. अम्ल म्हणजे आंबट, अम्लिका म्हणजे आंबट ती. आपल्या आंबट, आंबील, आमटी, आमसूल या शब्दांत तेच अम्ल निरनिराळ्या वेषांत आहे. म्हणजे इमली हे नाव चवीवरून पडलं. झाडाला आधी नाव नव्हतं आणि फळ खाऊन दिलं, असा सरळ व्यवहार.

दक्षिणेत गेलात तर तिथेही चवीवरूनच नाव आहे, फक्त धातू निराळा. तमिळमध्ये चिंच म्हणजे पुळि, आणि पुळि म्हणजे आंबटही. मल्याळममध्येही पुळिच. कानडीत हुणसे, ते दिसायला वेगळं वाटतं, पण कानडीने जुन्या प-चा ह केला आहे हे लक्षात घेतलं की नातं उघड होतं. तेलुगूत दूध म्हणजे पालु, कानडीत हालु. तेलुगू पुव्वु म्हणजे फूल, कानडीत हूवु. तसाच हा पु-चा हु. (तमिळ गावांच्या नावात पुळि आहे की पुलि, म्हणजे चिंच आहे की वाघ, हे मराठी लिपीतही नीट ळ-ल लिहिल्याशिवाय कळत नाही. इंग्रजी पाट्यांवर तर दोन्ही एकच. वाघाच्या गावाला जाऊन चिंच शोधणारे मला भेटले आहेत.)

आता तेलुगू. इथे खरी गंमत आहे. तेलुगूलाही पुळि-चं मूळ माहीत आहे : आंबटपणा म्हणजे पुलुपु, चिंचेच्या कोळातलं कालवण म्हणजे पुलुसु, चिंचेचा भात म्हणजे पुलिहोरा. पण झाडाचं नाव? चिंत. फळ चिंतपंडु, कोवळा पाला चिंतचिगुरु. म्हणजे चवीला एक शब्द आणि झाडाला दुसराच. आणि मराठीत काय आहे? चवीला आंबट, झाडाला चिंच. तिथेही चव एका मुळाची, झाड दुसऱ्या मुळाचं. शेजारच्या हिंदीने, गुजरातीने, तमिळने, कानडीने झाडाला चवीवरून हाक मारली. मराठी आणि तेलुगू या दोन भाषांनी ते केलं नाही. दोघींनी झाडासाठी एक वेगळा, स्वतंत्र शब्द सांभाळला, आणि तो जवळजवळ एकच आहे. एक भाषा आर्य कुळातली, एक द्राविड कुळातली. पण चिंचेपुरत्या दोघी सख्ख्या बहिणी.

मग हा शब्द कोणी कोणाकडून घेतला?

संस्कृत चिंचा या शब्दाला संस्कृतात धातू नाही. अम्लिका फोडता येते, चिंचा फोडता येत नाही. इराणी किंवा युरोपीय भाषांत तिचं कोणी नातेवाईक नाही. आता हे झाड मुळात आफ्रिकेतलं मानलं जातं, तेव्हा उत्तरेकडून येणाऱ्यांकडे त्याचं नाव नसणारच. जिथे झाड भेटलं तिथल्या लोकांकडूनच नाव घ्यावं लागणार. दुसरीकडे चिंत या शब्दाची भावंडं फक्त तेलुगूत नाहीत. गोंडी आणि कोलामी या मध्य भारतातल्या द्राविड भाषांतही याच घराण्याचे शब्द आहेत, आणि त्यांत शेवटी च नाही, त आहे. यवतमाळ, चंद्रपूर, आदिलाबाद या पट्ट्यात या भाषा आजही बोलल्या जातात. त्यांच्यावर पंडिती संस्कृतचा रेटा कधी फारसा नव्हता. या सगळ्यांनी संस्कृत चिंचा उचलली असती आणि प्रत्येकीने आपापल्या घरी बसून तिच्या शेवटच्या च-चा त केला असता, हे पटणं कठीण आहे. उलट बाजूने पाहा. चिंत-सारखा मूळ शब्द कानावर आला आणि बोलणाऱ्याने पहिल्या च-च्या ओढीने दुसऱ्या त-चाही च केला, हे सहज घडतं. एक अक्षर दुसऱ्याला आपल्याकडे ओढतं, हे रोजच्या बोलण्यात आपण ऐकतो. आणि हीच ओढ उलट दिशेने लागली, म्हणजे त-ने च-ला ओढलं, तर काय होईल? तिंत. तिंतिडी! पूर्वेकडचं घराणंही कदाचित याच मुळाचं असेल, असं त्यामुळे वाटतं.

बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (पहिली आवृत्ती १९६१) तेलुगू चिंत आणि तिची भावंडं एकत्र दिली आहेत आणि संस्कृत शब्दांशी त्यांचा संबंध नोंदवला आहे. काही विद्वान अजून मागे जातात आणि म्हणतात की द्राविड आणि आर्य, दोघांनीही हा शब्द त्यांच्याआधी इथे असलेल्या तिसऱ्याच कोणाकडून घेतला. माझं स्वतःचं माप असं पडतं : मराठी चिंच ही संस्कृत-प्राकृताच्या नळाने आपल्या घरी आली हे खरं, पण त्या नळाचा उगम गोदावरीच्या खोऱ्यात, दख्खनमध्येच आहे. तेव्हा तेलुगू चिंत हा अपभ्रंश नव्हे. आणि "तुम्ही उचललात" हेही बरोबर नाही, कारण उचलणारे आणि देणारे दोन हजार वर्षांपूर्वी एकाच बाजारात बसत होते आणि त्यांच्यापैकी कोणीही स्वतःला आजच्या अर्थाने मराठी किंवा तेलुगू म्हणवत नव्हतं.

शब्दकोशांपेक्षा मला गावांची नावं जास्त भरवशाची वाटतात. शब्दकोश कोणीतरी एका खोलीत बसून लिहितो. गावाचं नाव शेकडो वर्षं हजारो तोंडांनी घासलेलं असतं.

महाराष्ट्रात चिंचोली नावाची गावं इतकी आहेत की पोस्टाला ओळखता यावीत म्हणून त्यांना शेपट्या जोडाव्या लागल्या. शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली पर्यटकांमुळे सगळ्यांना माहीत आहे. कन्नड तालुक्यात चिंचोली लिंबाजी. कलबुर्गी जिल्ह्यातलं चिंचोळी तर तालुक्याचं ठिकाण आणि निजामाच्या काळात आपल्याच राज्यातलं. या चिंचोलीतला -ओली काय आहे? काही जण त्याचा अर्थ आवली, म्हणजे ओळ, असा लावतात, चिंचांची ओळ. ऐकायला छान आहे. पण बोरिवली, कांदिवली, डोंबिवली, आंबोली अशी नावं शेजारी मांडली की दुसरी वाट जास्त पटते : पल्ली, म्हणजे वस्ती. दोन स्वरांच्या मधे सापडलेल्या प-चा व होतो, जसा कपाटचा कवाड आणि दीपचा दिवा झाला. म्हणून चिंचपल्लीचं चिंचवल्ली, मग चिंचवली. कोकणात चिंचवली नावाची गावं आहेतच. मग अव-चा ओ होतो, जसा लवणचा लोण झाला. चिंचवली, चिंचोली. साखळीतली प्रत्येक कडी दुसऱ्या शब्दांतही दाखवता येते, म्हणून मी तिच्यावर वजन टाकायला तयार आहे.

आता तेलंगणात या. नलगोंडा जिल्ह्यात चिंतपल्ली आहे. आंध्रात विशाखापट्टणमच्या डोंगरांत दुसरी चिंतपल्ली आहे. चिंत अधिक पल्ली. म्हणजे शिरूरची चिंचोली आणि नलगोंडाची चिंतपल्ली ही एकच नावं आहेत. एक घासून गुळगुळीत झालेलं, एक अजून कोरं. पुण्याचा माणूस चिंतपल्लीची पाटी वाचून चिंता करत पुढे जातो आणि त्याला कळतही नाही की तो चिंचोलीतून गेला.

या दोन टोकांच्या मधला दुवा कुठे आहे? चंद्रपूर जिल्ह्यात, मूलच्या रस्त्यावर. गावाचं नाव चिचपल्ली. बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र तिथे झाल्यापासून हे नाव वर्तमानपत्रांत येतं. विदर्भात चिंचेला चिच म्हणतात. म्हणजे नावाचा पहिला अर्धा भाग मराठी बोलीचा, दुसरा अर्धा अजून न घासलेला. त्याच जिल्ह्यात पोंभुर्ण्याकडे चिंतलधाबा आहे, तिथे पहिला भागही तेलुगू. एका जिल्ह्यात हे दोन्ही. मला हे नाव पहिल्यांदा नकाशावर दिसलं तेव्हा बराच वेळ मी नुसता त्याच्याकडे बघत बसलो होतो. सीमाभागात भाषा कशा एकमेकींत मिसळतात यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. चिचपल्लीत ते पाच अक्षरांच्या आत आहे.

चिंतल हे रूप काय, तेही सांगून टाकतो, कारण हैदराबादेत नव्याने आलेले मराठी लोक त्याला चिंतनाशी जोडतात. चिंत एक, चिंतलु अनेक, चिंतल म्हणजे चिंचांचं. एल. बी. नगरजवळचं चिंतलकुंट म्हणजे चिंचांचं तळं (कुंट म्हणजे लहान तलाव). खैरताबादेजवळची चिंतलबस्ती म्हणजे चिंचांची वस्ती. कुतबुल्लापूरकडचं चिंतल तर नुसतंच "चिंचांचं", पुढचा शब्द गळून गेलेला. तेलुगूत चिंता या अर्थीही चिंत हाच शब्द आहे, पण तो संस्कृतातून आलेला, निराळा. त्यावर तेलुगू मंडळी जे विनोद करतात ते आपल्याला भाषांतर करून सांगता येत नाहीत.

आता पुन्हा अफझलगंजात. रुग्णालयातून बाहेर पडून पूर्वेला चालायला लागलात की नदीच्या पात्रातच महात्मा गांधी बस स्थानक लागतं. तिकिटावर काहीही छापलेलं असो, रिक्षावाल्याला सांगायचं ते "इमलीबन". इमली अधिक बन, चिंचेचं बन. नाशिककरांनी इथे थांबावं, कारण पंचवटीत चिंचबन आहे आणि ते अगदी हेच नाव आहे, शब्दाला शब्द. इथे बस स्थानक व्हायच्या आधी बसगाड्या शेजारच्या गौलीगुड्याच्या प्रचंड लोखंडी हँगरमधून सुटत. तो हँगर २०१८ च्या जुलैत कोसळला. आतल्या कमानी पाहायला मी पूर्वी मुद्दाम जात असे. गौलीगुडा या नावातले गौली म्हणजे आपले गवळीच, आणि गुडा तेलुगू. विषय चिंचेचा आहे, म्हणून पुढे जातो.

इमलीबन हे नाव उर्दूत का आणि चिंतल हे तेलुगूत का? याचं उत्तर झाडात नसून कोण कुठे राहत होतं यात आहे. चिंतलकुंट, चिंतल ही शहराबाहेरची खेडी. शहर वाढत वाढत त्यांच्यापर्यंत गेलं आणि नावं जशीच्या तशी आत आली. इमलीबन मात्र नदीकाठी, शहराच्या पोटात, बागा आणि हवेल्यांच्या मुलखात. तिथली रोजची बोली दख्खनी. त्यामुळे नकाशावर इमली आणि चिंतल कुठे कुठे आहेत याच्या खुणा करत गेलं तर जुन्या शहराची भाषिक हद्द ढोबळमानाने आखता येते. मुंबईत हाच खेळ करून बघा : चिंचपोकळी आणि चिंचबंदर एका बाजूला, फोर्टातली टॅमरिंड लेन दुसऱ्या बाजूला. कोण कुठे राहत होतं ते झाडांच्या नावांनीच सांगितलं.

टॅमरिंड आलंच आहे तर त्याचीही गोष्ट सांगतो. हा शब्द अरबी. तमर म्हणजे खजूर, तमर हिंदी म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. अरब व्यापाऱ्यांना चिंच झाडावर दिसली नव्हती. त्यांना दिसला तो काळसर, चिकट, आत बिया असलेला गोळा, बंदरात पोत्यात भरलेला. घरी खजूर तसाच दिसतो. मालाला नाव दिलं गेलं. अरबी वैद्यांनी चिंचेला सारक म्हणून औषधांत जागा दिली आणि त्यांच्या ग्रंथांबरोबर नाव लॅटिनमध्ये गेलं. मार्को पोलोने तर लिहून ठेवलं आहे की गुजरातच्या किनाऱ्यावरचे चाचे पकडलेल्या व्यापाऱ्यांना समुद्राच्या पाण्यात चिंच कालवून पाजत, म्हणजे त्यांनी गिळलेले मोती बाहेर पडावेत. औषधाचा याहून खात्रीचा प्रयोग मी वाचलेला नाही.

पोर्तुगीजांनी चिंच आपल्याच किनाऱ्यावर पाहिली, पण नाव घेतलं ते अरबांचं : तमारिंदू. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्याचं औषधींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात तो चिंचेची मलबारातली पुळि आणि गुजरातेतली आंबिली ही दोन्ही नावं देतो, अरबी नावाची फोडही करतो, आणि बजावतो की झाड खजुरासारखं मुळीच दिसत नाही, आत बिया असतात म्हणून हे नाव पडलं असावं. पोर्तुगीजांना हे सहज पटलं असणार, कारण त्यांच्या भाषेत खजुराला तामरा म्हणतात आणि तोही त्याच अरबी तमरचा अवतार. इबेरियात अरबांचं राज्य शतकानुशतकं होतं. याच पोर्तुगीजांनी दुसऱ्या खंडातून आणलेली फळं आपण त्यांच्याच नावाने घेतली : काजू, अननस, पपई. चिंचेच्या बाबतीत मात्र त्यांनी दिलेलं नाव इथे कोणी घेतलं नाही. घरात नाव असताना बाहेरचं कोण घेईल?

१७५३ साली लिनियसने टॅमरिंडस इंडिका हे शास्त्रीय नाव पक्कं केलं. पहिल्या शब्दात हिंद, दुसऱ्यातही हिंद; आणि झाड आफ्रिकेचं. अर्थात झाड इथे इतक्या जुन्या काळी आलं आणि इतकं रुजलं की अमरकोशाला त्याची तीन नावं माहीत होती. परकं म्हणून त्याची आठवण कोणत्याच भारतीय नावात उरलेली नाही. मला हा पुरावा फार बोलका वाटतो, कारण उशिरा आलेल्या झाडांच्या नावांत ती आठवण हमखास असते. विलायती चिंच घ्या. ती मेक्सिकोकडची, युरोपीय जहाजांनी आणलेली. शेंग बघून लोकांनी तिला चिंच म्हटलं आणि वर विलायती लावलं. तेलुगूतही सीमचिंत, म्हणजे परदेशी चिंतच. अरबांनी जे खजुराच्या बाबतीत केलं तेच आपण चिंचेच्या बाबतीत केलं.

आणि गोरखचिंच. गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात जो अवाढव्य पोकळ बुंध्याचा वृक्ष आहे, ज्याला हैदराबादी लोक "हाथियाँ का झाड" म्हणतात, तो गोरखचिंचेचा, म्हणजे बाओबाबचा. हाही आफ्रिकेतला. चिंचेशी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्याचं काही नातं नाही. फळातला गर आंबट, एवढंच. पण मराठीत गोरखचिंच, हिंदीत गोरखइमली. म्हणजे एक आफ्रिकन झाड इतकं आपलं झालं होतं की दुसरं आफ्रिकन झाड आल्यावर त्याला पहिल्याचं नाव दिलं गेलं, आणि ओळख पटवायला एका नाथपंथी गुरूला जामीन ठेवलं.

हे सगळं आता लिहून ठेवायची घाई मला का वाटते, तेही सांगतो. इमलीबनात आज फलाट आहेत, डिझेलचा वास आहे, फलकांवर औरंगाबाद-नांदेडच्या गाड्या आहेत. बन नाही. चिंतलकुंटात चिंचा शोधाव्या लागतात. रस्ता रुंद करायचा म्हटलं की सगळ्यात आधी कडेची चिंच जाते; माझ्या नोकरीच्या काळात अशी किती झाडं आम्ही मोजून, आकडा घालून, खाली घेतली त्याची मोजणी-पुस्तकं कुठल्याशा कपाटात पडली असतील. उस्मानियाची जुनी इमारत २०२० च्या पावसात पाणी शिरल्यावर रिकामी झाली. नवं रुग्णालय गोशामहलला होणार आहे. जुन्या आवाराचं पुढे काय करायचं यावर शहरात अजून वाद आहेत. इमारतीच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत आणि मीही त्यांच्यातच आहे, पण इमारतीचं नकाशे आणि छायाचित्रांवरून निदान वर्णन तरी करता येईल. झाडाचा आराखडा कोणाकडे नसतो.

पाटीबद्दल माझं मत विचाराल तर मी तेलुगू, उर्दू, मराठी, कानडी अशी चारही नावं लिहीन, पण चिंत आणि चिंच एकाखाली एक, म्हणजे शाळेतल्या मुलांना दोन्हींतलं साम्य न सांगता दिसेल. तीन-चार पिढ्यांपूर्वी इथे आलेल्या मराठी घरांतली मुलं आता घरी मराठी, शाळेत तेलुगू-इंग्रजी आणि गल्लीत दख्खनी बोलतात. १९०७ साली, पुराच्या एक वर्ष आधी, ज्या शहरात विवेकवर्धिनीसारखी मराठी संस्था उभी राहिली तिथे आज मराठी वाचणारी मुलं कमी होत चालली आहेत. त्यांना चिंच हा शब्द आजोबांच्या गावाकडचा वाटतो आणि चिंत हा शाळेतला. दोन्ही एकाच झाडाचे आणि एकाच मुळाचे आहेत, हे त्यांना त्या झाडाखालीच वाचायला मिळावं.

एक काम वाचकांवर सोपवतो. मराठवाड्यात आणि तेलंगणाच्या सीमेवर चिंच-, चिच-, चिंत- आणि हुणस- या अक्षरांनी सुरू होणाऱ्या गावांची, वाड्यांची आणि शेतांची नावं मी नकाशावर मांडतो आहे. महसुली नकाशात मोठी गावं मिळतात. चिंचेचा मळा, चिंतल चेलक, इमली की बावडी असली शेतांची आणि विहिरींची नावं मात्र फक्त घरच्या जुन्या माणसांना आणि सातबाऱ्यावर हात ठेवून बसलेल्या काकांना ठाऊक असतात. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, निलंगा या बाजूच्यांनी विशेष लक्ष द्यावं, कारण चिंचेची चिंत नेमकी कुठे होते ती रेघ तिथूनच कुठेतरी जाते. नाव कळवताना गाव, तालुका आणि तिथे आज झाड उभं आहे की नाही, एवढं लिहिलं तरी पुरे.